सेगांवचा पत्ता

वर्धा शहराच्या पूर्वेस सुमारें पांच मैलांवर सेगांव नांवाचें एक लहानसें खेडें होतें. ता. ३० एप्रिल १९३६ रोजीं महात्मा गांधी तेथें राहावयास गेले, आणि लवकरच देशोदेशींहून या खेड्याच्या नांवानें पत्रें येऊं लागलीं. पत्र लिहिणाऱ्यास गांव कोठें आहे हें ठाऊक नसे. आणि टपाल वांटणाऱ्यांसहि तें नेहमींच ठाऊक असे असें म्हणवत नाहीं. कारण त्याच लोहमार्गावर पश्चिमेस, वऱ्हाडांत, बुलढाणें जिल्ह्यांत शेगांव आहे. श्रीगजानन महाराजांच्या समाधीमुळें त्या शेगांवची कीर्ति आधींच सर्वत्र पसरलेली, आणि शिवाय त्याला स्वतःचें स्टेशन. इंग्रजी लिपींत या दोन नांवांमध्यें एका अक्षराचें अंतर. तेंहि घाईच्या हस्ताक्षरांत पुसून जाणारें. सेगांवचीं पत्रें शेगांवास जात, आणि तेथून फिरून येत. अखेर १९४० सालीं गांधीजींनीं गांवाचें नांवच बदलून सेवाग्राम असें ठेविलें. या नामांतरांतील सेवेच्या अर्थावर पुष्कळांनीं लिहिलें आहे व तें यथार्थच आहे; परंतु त्याच्या मुळाशीं पत्त्याची एक साधी अडचण होती, ही गोष्ट आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते.

खेड्यांतलें एखादें घर जगाला सांपडावें कसें, आणि सांपडल्यावरहि त्याचें दार घरच्याच माणसांच्या हातीं राहावें कसें, असा हा जोडप्रश्न आहे. गेल्या कांहीं वर्षांत अगदीं घरगुती कारणानें तो आमच्यापुढें उभा राहिला, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या वर्ध्याच्या घरीं माळ्यावर पत्र्याची एक पेटी असे. तींत आमच्या चुलत आजोबांचीं पत्रें होतीं. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते नागपूरच्या तुरुंगांत होते. त्या महिन्यांत याच जिल्ह्यांतल्या आष्टीस काय घडलें तें महाराष्ट्रांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. पत्रांवर तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का आहे व कांहीं ओळींवर काळी शाई फांसलेली आहे. एका पत्रांत घरीं लहान मूल आजारी असल्याची चौकशी आहे. घरून गेलेल्या उत्तरांत तें मूल गेल्याची वार्ता आहे, आणि त्याहि पाकिटावर तोच शिक्का आहे. बापाच्या आधीं ती वार्ता एका परक्या माणसानें वाचली होती. आमच्या लहानपणीं ही पेटी उघडली म्हणजे मोठीं माणसें बोलेनाशीं होत, एवढें आम्हांस आठवतें.

पावसाळ्यांत माळा गळूं लागला तेव्हां या सर्व कागदांचीं छायाचित्रें घेऊन एका लहान संगणकांत सांठवावयाचें आम्हीं ठरविलें. हा संगणक आमच्या जिन्याखालीं, जुन्या शिवणयंत्राच्या मेजावर आहे. आकारानें तो पानाच्या डब्याहून मोठा नाहीं. पत्रांबरोबरच जुने फोटो, लग्नपत्रिका आणि वडिलांनीं बांधून ठेविलेले मासिकांचे अंकहि त्यांत गेले. पुण्यास आमची आत्या आहे, नागपुरास दोन चुलत घरें आहेत, एक पुतणी कॅनडांत आहे. त्या सर्वांना हें घरबसल्या वाचतां यावें अशी इच्छा. एखाद्या मोठ्या विदेशी कंपनीच्या कोठारांत सर्व ठेवून द्यावें हा मार्ग सोपा होता व पुष्कळ लोक तो पत्करतात. परंतु ज्या कागदांना एकदां शिक्का बसला तेच पुन्हां परक्याच्या कोठारांत नेऊन ठेवावयाचे, हें आमच्या आत्याला रुचेना. आणि विचार केल्यावर आम्हांसहि रुचेना. म्हणून यंत्र घरींच ठेवावयाचें, आणि बाहेरच्यांना तेथपर्यंत येण्याची वाट तेवढी करावयाची, असें ठरलें. हें काम आमच्या भाच्याकडे गेलें. पुढें जें कांहीं यंत्रविषयक ज्ञान आम्ही सांगणार आहों तें बहुतेक त्याच्यापासून मिळविलेलें आहे. वाचकांस कोठें चूक आढळल्यास ती आमच्या समजुतीची मानावी.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आंकड्यांचा एक पत्ता लागतो. १९८१ सालीं या पत्त्यांची जी पद्धति ठरली तींत सुमारें ४२९ कोटि पत्ते निघतात. त्या काळीं ही संख्या अमर्याद वाटली असेल. पण घरोघर संगणक आणि हातोहातीं फोन आल्यावर पत्ते पुरेनात. १९९४ सालीं एक तोड निघाली: घराला पत्ता एकच द्यावा, आणि आंतील सर्व यंत्रांनीं त्या एका पत्त्याआडून व्यवहार करावा. जुन्या वाड्याची देवडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें सहज समजेल. वाड्यांत बिऱ्हाडें दहा, पण रस्त्याकडे दार एक. आंतून कोणीं पत्र धाडलें तर देवडीवाला लक्षांत ठेवतो, आणि उत्तर आलें कीं त्या बिऱ्हाडास नेऊन देतो. परंतु बाहेरून कोणी अनोळखी मनुष्य नुसतें वाड्याचें नांव घेऊन आला तर तो कोणाकडे आला हें देवडीवाल्याला कळण्यास मार्ग नाहीं. तो त्याला परत लावतो.

आशियाच्या वांट्याच्या पत्त्यांचा सांठा १५ एप्रिल २०११ रोजीं अखेरच्या राखीव हिश्शावर येऊन ठेपला. पुढें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनीं वाड्याचीच युक्ति पेठेला लावली. सबंध पेठेस एकच वेस, तिच्याआड वाडे, वाड्याआड बिऱ्हाडें. यासाठीं २०१२ च्या एप्रिलमध्यें पत्त्यांचा एक खास गटहि राखून ठेवण्यांत आला. याचा परिणाम असा झाला कीं सामान्य कुटुंब जगांत कोठेंहि जाऊं शकतें, पण जगाला त्याच्या दारीं येतां येत नाहीं. तें वाचूं शकतें, विकत घेऊं शकतें, पाहूं शकतें. आपल्या घरीं कोणास बोलावूं मात्र शकत नाहीं. नवी, सहाव्या आवृत्तीची पत्ता-पद्धति निघाली आहे व तिच्या प्रसारांत भारत पुष्कळच पुढें आहे, हें खरें; तथापि तेथेंहि घरच्या दाराला बहुधा कडी लावलेलीच असते, आणि पाहुण्याच्या बाजूस ती पद्धति नसली तर तिचा उपयोग होत नाहीं.

येथें आम्हांस सेगांवची आठवण झाली, ती केवळ भौगोलिक सान्निध्यानें नव्हे. सेगांव या खेड्याला आरंभीं जगाच्या दृष्टीनें पत्ता असा नव्हताच. पत्ता होता वर्ध्याला. आणि वर्धा तरी काय? १८६० च्या दशकांत नवा जिल्हा झाला तेव्हां पालकवाडी नांवाच्या वस्तीच्या जागीं हें शहर मुद्दाम वसविण्यांत आलें. आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली ती येथूनच. म्हणजे वर्धा हें शहरच मुळीं दळणवळणाच्या सोयीसाठीं जन्मास आलेलें. जमनालाल बजाज सेगांवचे मालगुजार होते, पण त्यांची बजाजवाडी वर्ध्यांत. ग्रामोद्योग संघाची मगनवाडीहि वर्ध्यांतच. पाहुणे वर्ध्यास उतरत, तारा वर्ध्यास येत, पत्रांच्या थैल्या वर्ध्यास उतरत. वर्धा आणि सेगांव यांमधील पांच मैल ही खरी अडचण होती.

ती अडचण माणसांच्या पायांनीं भागविली. महादेवभाई देसाई प्रथम मगनवाडींत राहत, आणि रोज पायीं सेगांवास जाऊन पायींच परत येत. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनीं अंगावर घेतला आहे त्यांना या नित्यक्रमाचा अर्थ निराळा सांगणें नको. काळ्या मातीचा रस्ता, पावसाळ्यांत गुडघाभर चिखल, आणि खांद्यावरच्या झोळींत जगाचें टपाल! 'हरिजन' पत्राचा मजकूरहि याच वाटेनें बाहेर पडे. या व्यवस्थेंत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. जग सेगांवांत शिरत नसे; सेगांवकडचा मनुष्य वर्ध्याच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर उभा राही, आलेलें तें उचली, आणि आपल्या पायांनीं आंत नेई. वाट आंतून बाहेर निघालेली होती. ती बंद करावयाची झाली तर मनुष्य गेला नाहीं म्हणजे पुरे. वेशीला कुलूप लावण्याची गरजच नव्हती.

याच्या उलट प्रकार टेलिफोनचा. लॉर्ड लिन्लिथगो १९३६ पासून १९४३ पर्यंत व्हाइसरॉय होते. गांधीजींशीं तांतडीनें बोलतां यावें म्हणून त्यांच्या कारकीर्दींत सरकारनें सेवाग्रामांत टेलिफोन बसविला. त्याची पेटी आश्रमांत अद्यापि जपून ठेविलेली आहे. साप पकडून लांब सोडण्याकरितां केलेला पिंजराहि तेथेंच पाहावयास मिळतो. कंदिलाच्या उजेडांत चालणाऱ्या त्या मातीच्या कुट्यांमध्यें ही पेटी पाहून पाहुण्यांस कौतुक वाटतें. आम्हांस प्रत्येक वेळीं दुसराच विचार सुचतो. ही तार कोणीं ओढली? ज्यांना बोलावयाचें होतें त्यांनीं. ती कोणाच्या खांबांवरून, कोणाच्या केंद्रांतून गेली? त्यांच्याच. सोय खरी होती, पण ती आंतल्या माणसाची नव्हती. कार्यकारिणीनें १४ जुलै १९४२ रोजीं वर्ध्यास आपला ठराव केला. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईंत अटका झाल्या. 'हरिजन' बंद पडलें तें १९४६ पर्यंत. तार ओढणाऱ्यांच्या मनांतून बोलणें संपलें तेव्हां तारेचा आश्रमाला कांहींएक उपयोग राहिला नाहीं.

पत्रांची गोष्टहि याहून फार निराळी नव्हती. १८८५ च्या तार कायद्याचें ५ वें कलम आणि १८९८ च्या टपाल कायद्याचें २६ वें कलम यांनीं सरकारला मधेंच संदेश अडवून पाहण्याचा अधिकार दिला होता. हे दोन्ही कायदे स्वराज्यानंतरहि दीर्घकाळ टिकले. त्यांच्या जागीं २०२३ सालीं नवे कायदे झाले, आणि अडविण्याचा अधिकार त्यांतहि आहे. आमचा रोख एखाद्या राजवटीवर नाहीं. मधला हात म्हटला कीं तेथें डोळाहि आला, मग तो सरकारचा असो वा व्यापाऱ्याचा, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां पुन्हां जिन्याखालच्या यंत्राकडे वळूं. भाच्याचा पहिला प्रयत्न फसला, तो सांगितलाच पाहिजे. तेव्हां आमच्या घरास योगायोगानें स्वतंत्र पत्ता मिळत होता. त्यानें राउटरमध्यें एक दार सरळ उघडून यंत्राकडे नेलें आणि आत्याला फोन करून फोटो दाखविले. घरांत मोठा आनंद झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें यंत्राची नोंदवही पाहिली, तों रात्रभर अनोळखी यंत्रांनीं त्या दाराला धक्के मारलेले! कोणी 'रूट' म्हणून, कोणी 'ॲडमिन' म्हणून, एकामागून एक संकेतशब्द घालून पाहत होतें. हे लोक आमच्यावर रागावलेले नव्हते. आम्ही कोण हेंहि त्यांना ठाऊक नव्हतें. ४२९ कोटि दारें एकामागून एक ढकलून पाहणारीं यंत्रें रात्रंदिवस हिंडत असतात, त्यांतलीं तीं. कांहीं चोरीस गेलें नाहीं, पण आम्हीं तें दार त्याच दिवशीं लावलें. पुढें कांहीं महिन्यांनीं इंटरनेटवाल्यानें न सांगतां स्वतंत्र पत्ताहि काढून घेतला, आणि आम्ही पेठेच्या वेशीआड गेलों.

यावर तोड म्हणून ज्याला बोगदा म्हणतात तो प्रकार पुढें आला. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९९५ सालीं हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत कोणीं तरी संकेतशब्द चोरून ऐकल्याचें उघडकीस आलें. तेव्हां टाटू युलेनेन या तेथील संशोधकानें दोन यंत्रांमधील संभाषण गूढलिपींत बांधून नेणारी एसएसएच नांवाची व्यवस्था लिहिली. (त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट सुरू केलें.) या व्यवस्थेंत एक उलटी सोय होती: आंतल्या यंत्रानें बाहेरच्या यंत्राशीं स्वतः संबंध जोडावयाचा, आणि त्याच वाटेनें बाहेरच्या पाहुण्यांना आंत घ्यावयाचें. देवडीवाल्याच्या दृष्टीनें हें आंतून गेलेलें पत्र आहे. येणारें सर्व त्याचें उत्तर. २००१ सालीं ओपनव्हीपीएन निघालें. त्यानंतर जेसन डोननफेल्ड याचें वायरगार्ड आलें; तें २०२० च्या मार्चमध्यें लिनक्सच्या गाभ्यांतच सामावून घेण्यांत आलें. पूर्वीच्या अशा व्यवस्थांचें लेखन लाखालाखांच्या ओळींचें. वायरगार्डचें सुमारें चार हजार ओळींचें, म्हणजे एका मनुष्यास बसून वाचतां येण्याजोगें. ज्या कुलपावर घर सोंपवावयाचें तें उघडून पाहतां यावें, हा गुण आम्ही मोठा मानतों.

अशा बोगद्यांची सेवा विकत देणाऱ्या कंपन्याहि पुष्कळ आहेत. एनग्रॉक हें त्यांतलें जुनें नांव. त्याच्या पहिल्या आवृत्तीचें मूळ लेखन सर्वांस खुलें होतें, पुढील आवृत्तीचें राहिलें नाहीं. सोय उत्तम असते, दहा मिनिटांत काम होतें. पण या सेवांच्या नेहमींच्या रचनेंत पाहुण्याचा लखोटा कंपनीच्या यंत्रावर उघडतो व पुन्हां बंद होऊन आमच्याकडे येतो. म्हणजे शिक्का मारणारा अधिकारी पुन्हां मधें बसला. केवळ तो सौजन्यानें वागतो एवढेंच. म्हणून ज्यांना स्वतःची वाट स्वतः बांधावयाची आहे त्यांच्यासाठीं एफआरपी, हेडस्केल वगैरे खुलीं साधनें निर्माण झालीं आहेत. तीं कोणीहि आपल्या यंत्रावर बसवावीं.

भाच्यानें केलें तें असें. मुंबईंतील एक लहानसें यंत्र महिन्याच्या भाड्यानें घेतलें. त्याला सर्व जगास ठाऊक होणारा पत्ता आहे. जिन्याखालचें यंत्र वायरगार्डच्या वाटेनें त्या भाड्याच्या यंत्राकडे आपण होऊन जातें, आणि दर २५ सेकंदांनीं एक बारीकसा संकेत पाठवीत राहतें, कीं देवडीवाल्यानें आपल्याला विसरूं नये. पाहुणा मुंबईच्या पत्त्यावर येतो. तेथून त्याचा लखोटा न उघडतां जसाच्या तसा वर्ध्यास येतो. आणि मोहोर फोडण्याची किल्ली फक्त वर्ध्यास आहे. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशा मोहोरा विनामूल्य देते, त्यामुळें ही गोष्ट आतां कुटुंबाच्याहि आटोक्यांत आली आहे. मुंबईचें यंत्र बदलावयाचें झाल्यास एका दुपारीं बदलतां येईल, आणि आंतील एकहि कागद हालणार नाहीं.

हें सर्व भाच्यानें आम्हांस मोठ्या उत्साहानें सांगितलें तेव्हां आम्हीं म्हटलें, "अरे, मग मुंबईचें यंत्र म्हणजे मगनवाडी झाली." त्याला प्रथम कळलें नाहीं, कळल्यावर तो हंसला.

याला पूर्ण स्वावलंबन म्हणावें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. भाड्याचें यंत्र दुसऱ्याचें, तारा दुसऱ्याच्या, वीज मंडळाची. मधला इसम लखोटा उघडत नसला तरी लखोट्यावरचें नांव व वेळ त्याला दिसतेच. पण पूर्ण स्वावलंबन सेवाग्रामांत तरी कोठें होतें? तेथलीं पत्रें सरकारी तिकीट लावून सरकारच्याच गाडीनें जात, आणि ज्यांच्याविरुद्ध तीं लिहिलेलीं असत तेच तीं पोहोंचवीत. कोणती गोष्ट दुसऱ्याच्या हातीं देऊन चालेल आणि कोणती नाहीं हें ठरविणें एवढेंच आपल्या हातीं असतें. जे लोक प्रत्येक घरानें स्वतःचा सर्व्हर ठेवावा असा उपदेश करतात त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. यंत्र सांभाळावें लागतें, दर आठवड्यास त्याची दुरुस्ती पाहावी लागते, आणि ज्या घरीं भाचा नाहीं त्यानें काय करावें? निष्काळजीपणें ठेविलेल्या घरच्या कोठारापेक्षां चांगल्या सावकाराची तिजोरी बरी.

आमच्या घरांत मात्र वाद दुसऱ्याच गोष्टीवर झाला. भाच्याचें मत असें, कीं तुरुंगांतील पत्रें हा जिल्ह्याचा इतिहास आहे. तीं सर्वांना खुलीं करावीं. आत्याचें मत, घरच्यांपलीकडे कोणीं तीं पाहूं नयेत. "त्या मेल्यानें एकदां वाचलीं तेवढीं पुरे," ती फोनवर म्हणाली. हा मेला म्हणजे १९४२ चा तो अधिकारी. आत्या इतक्या वर्षांनींहि त्याला विसरलेली नाहीं, आणि गेलेलें मूल हा तिच्या जन्मापूर्वींचा तिचा भाऊ. आम्हांस इतिहासाची आवड असूनहि या वादांत आम्ही आत्याच्या बाजूस आहों. कागदांचा काळ निघून गेला म्हणून ते आपोआप सर्वांचे होत नाहींत. ज्यांच्या दुःखाचे ते आहेत त्यांच्यापैकीं कोणी हयात असेपर्यंत तरी नाहींत.

म्हणून दोन वाटा ठेविल्या. फोटो आणि मासिकांचे अंक नांव व संकेतशब्द देऊन पाहतां येतात. पत्रांकरितां दारच नाहीं. ज्याच्या फोनमध्यें भाच्यानें ४४ अक्षरांची किल्ली घालून दिली आहे तोच बोगद्यांतून तेथें पोहोंचतो. वायरगार्डचा एक स्वभाव आम्हांस फार आवडला. किल्ली नसलेला कोणी हांक मारील तर तें नकारहि देत नाहीं. मुळीं बोलतच नाहीं. दारावर धक्के मारीत हिंडणाऱ्या यंत्रांना येथें दार आहे हेंच कळत नाहीं. सोमवारीं गांधीजींचें मौन असे, तेव्हां भेटीस आलेल्यांना निदान चिठ्ठी तरी मिळे.

सध्यां किल्ल्या सात आहेत. आठवी पुतणीच्या मुलासाठीं मागितली आहे; तो टोरांटोस शाळेंत जातो, आणि त्याला मराठी वाचतां येतें कीं नाहीं याविषयीं आत्याला शंका आहे. गेल्या मे महिन्यांत भर दुपारीं वीज गेली आणि चार तास आली नाहीं. आत्याचा पुण्याहून फोन आला, "पत्रें उघडत नाहींत रे." भाचा म्हणाला, "आत्याआजी, वर्ध्यास वीज नाहीं. आली कीं यंत्र आपण होऊन मुंबईस हांक मारील. तुम्हीं कांहीं करूं नका." सहाच्या सुमारास पंखा फिरूं लागला, जिन्याखालीं हिरवा दिवा लागला, आणि पांचच मिनिटांनीं पुन्हां आत्याचा फोन आला, कीं चौथ्या पत्रांतील शाईखालची ओळ तिला मोठी करून पाहिल्यावर अर्धी वाचतां आली आहे.